दोनदाच

दिवाणखान्यातल्या गालिच्याच्या कडेने काळ्या वायरी गेलेल्या दिसल्या, आणि ताईच्या लक्षात आलं की आजचं जेवण हे नुसतं जेवण नाही.

धाकट्याने फोनवर सांगितलं होतं, "अण्णा तुझी सारखी आठवण काढतात. रविवारी दुपारी सगळे एकत्र जेवू. बाकी काही विषय नाही." धाकटा 'बाकी काही विषय नाही' म्हणाला की विषय असतोच, हे ताईला त्याच्या दुधाच्या दातांपासून ठाऊक होतं. आई आजारी असायची त्या वर्षांत तिनेच त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. तरी ती आली. अण्णांना भेटून बरेच दिवस झाले होते, हे एक. आणि मंगळवारी मतदान होतं. त्याआधी एकदा बंडूला समोरासमोर बघावं असं तिच्या मनात होतं.

बंडू म्हणजे देशाचा अध्यक्ष. कचेऱ्यांच्या भिंतींवर फोटो, नोटांवर सही, आणि घरात बंडू. पदावर आला त्या दिवशी त्यानेच तिला बजावलं होतं, "बाहेर काय म्हणायचं ते म्हण. घरात मला अध्यक्ष म्हणालीस तर जेवता जेवता उठून जाईन." तो दिवस जाऊन आता दुसरी मुदतही संपत आली होती. राज्यघटनेत लिहिलेलं होतं की अध्यक्ष एका माणसाला दोनदाच होता येईल. ते 'दोनदाच' काढून टाकणारं दुरुस्ती विधेयक खालच्या सभागृहात हसतखेळत मंजूर झालं होतं. वरच्या सभागृहात मात्र दोन तृतीयांश मतं लागत होती, आणि एक मत कमी पडत होतं.

ते मत ताईचं होतं. ती अपक्ष सभासद. मूळची बाळंतपणाची डॉक्टर. निवडणुकीला उभी राहिली तेव्हा लोक गमतीने म्हणायचे, बाईंना हरवायचं कसं, निम्मे मतदार त्यांनीच जगात आणलेत. तेच मतदार गेला महिनाभर तिच्या फाटकाशी येऊन हात जोडत होते. "डॉक्टरबाई, भावाला सोडू नका. त्यांच्यासारखा माणूस पुन्हा मिळायचा नाही." त्यांचंही खोटं नव्हतं. धरणाचं पाणी, नवे दवाखाने, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे सरहद्दीवरचा तह, हे बंडूने करून दाखवलं होतं.

खरं सांगायचं तर ताईने आजारी पडायचं ठरवलं होतं. मंगळवारी ताप आला म्हणून घरी पडून राहायचं, ना हो ना नाही. पण सभागृहाच्या सचिवांनी मान हलवली. "बाई, दोन तृतीयांश धरायचे ते एकूण सभासदांचे. जो आला नाही तोही विरोधातच मोजला जातो." ज्याने हे लिहिलं त्याने पळवाट म्हणून ठेवलीच नव्हती. आणि लिहिणाऱ्यांत पहिली सही तिच्याच बापाची होती.

"या वन्सं," भावजय पुढे आली. बंडूची बायको नेहमीसारखी नीटनेटकी, पण आवाजात बर्फ. "उशीर केलात. अण्णा ताटावर खोळंबलेत."

"या वायरी कसल्या गं?"

"भाऊजींना विचारा. त्यांचं खातं आहे ते." भाऊजी म्हणजे धाकटा. प्रचार, वर्तमानपत्रं, टीव्ही, सगळं तोच बघायचा.

जेवणाच्या खोलीत लांब टेबलाच्या टोकाला अण्णा चाकांच्या खुर्चीत बसले होते. गळ्यात रुमाल बांधलेला, दाढी गुळगुळीत केलेली, अंगात चक्क कोट. अण्णांना कोट घालून किती वर्षं झाली असतील!

"आली माझी पोर," अण्णा म्हणाले. ओळखलं एकदाचं. अण्णांचं असं झालं होतं की सकाळची न्याहारी दुपारी आठवत नसे, पण पन्नास वर्षांपूर्वी कोण कुठल्या खुर्चीत बसलं होतं ते घडाघडा सांगत. "तुझ्या दवाखान्यात गर्दी आहे का?"

"आता मी दवाखान्यात नसते अण्णा. सभागृहात असते."

"तिथेही रडारडच असते म्हणा," अण्णा म्हणाले, आणि स्वतःच खुदकन हसले. बाकीचेही हसले. त्या जेवणातलं तेवढंच हसू.

मग चमच्यांचे आवाज ऐकू येत राहिले. कोंबडी मऊ शिजली होती, भात गरम होता, पण ताटं तशीच भरलेली होती. धाकटा दर मिनिटाला घड्याळ बघत होता. बंडू अण्णांच्या ताटातले तुकडे बारीक करून देत होता. त्याचे केस कानांपाशी पांढरे झालेले ताईला आज पहिल्यांदाच जाणवले.

"पुलाचं काम मंजूर झालं बरं का ताई," धाकटा सहज म्हणावं तसं म्हणाला. "तुझ्या मतदारसंघातला. दादाने परवाच सही केली."

"पुलाला मंजुरी गेल्या वर्षीच मिळाली होती."

"मंजुरी वेगळी, काम सुरू होणं वेगळं."

"म्हणजे मंगळवारनंतर सुरू होणार, असं का?"

"भाऊजी, जेवताना नको," भावजय म्हणाली.

"मी काय बोललो वहिनी? पूल म्हटलं फक्त. आता पुलाचं नाव काढायचीही चोरी?"

बंडूने रुमालाने हात पुसले. "ताई, जरा आत ये."

अभ्यासिकेचं दार त्याने स्वतः लावलं. बाहेरच्या सुरक्षारक्षकाला लांब जायला सांगितलं. खुर्चीत न बसता तो खिडकीशी उभा राहिला, तशी ताईही उभीच राहिली.

"किती मतं कमी आहेत?" तिने विचारलं.

"तुला माहीत आहे."

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"एक." त्याने श्वास सोडला. "मला खुर्चीचा मोह नाही असं मी म्हणणार नाही. तू हसशील. मोह आहे. सकाळी उठल्यावर हे सगळं आपल्या हातात आहे, याची सवय लागते माणसाला. पण ते सोड. तहाची शाई अजून वाळलेली नाही. मी उभा राहिलो नाही तर विरोधकांचा तो जनरल निवडून येणार, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि तो सभेत काय बोलतो ते ऐकलंस ना? पहिल्याच आठवड्यात तह फाडेन म्हणतो."

"ऐकलंय."

"लढाईच्या दिवसांत तुझ्या दवाखान्यात बाळंतिणींच्या खाटा काढून जखमी पोरं ठेवली होती. तू मला फोन करून रडली होतीस, ताई. 'बंडू, हे थांबव' म्हणालीस. मी थांबवलं. आता सांग, एका कलमापायी ते सगळं पुन्हा होऊ द्यायचं?"

त्या खाटा तिच्या डोळ्यांसमोर होत्या. एका पोराने तिचा हात धरून आईच्या नावाने हाक मारली होती, आणि तिला हात सोडवून घ्यावा लागला तेव्हा तो पोरगा गार झालेला होता. बंडू म्हणत होता त्यात एक शब्द खोटा नव्हता. हीच तर पंचाईत होती. तो खोटं बोलत असता तर किती सोपं झालं असतं.

"आज नाही तर पुढे कधीतरी जनरल येईलच," ती सावकाश म्हणाली. "मग तो तिसऱ्यांदा उभा राहील. चौथ्यांदा राहील. त्याला कोण अडवणार?"

"लोक अडवतील."

"लोक तुला अडवतायत का? तुझ्यावरून जीव ओवाळून टाकतायत."

"मी आणि तो सारखे?" बंडूच्या कपाळाची शीर ताठ झाली.

"नाहीच रे सारखे! पण दाराला ते कळतं का? तुझ्यासाठी कडी काढली, की त्याच्यासाठीही ती निघालेलीच राहणार."

"म्हणजे तू विरोधात."

"माझं अजून ठरलेलं नाही," ताई म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं. "त्या वायरी कशासाठी आहेत?"

बंडू खिडकीबाहेर बघायला लागला. लहानपणी काच फोडल्यावर असाच बघायचा.

"धाकट्याची कल्पना आहे. अण्णांशी दोन शब्द बोलायचे. कलम त्यांनी लिहिलं. ते म्हणाले की आता काळ बदलला, तर लोकांच्या मनातला किंतु जाईल."

"लोकांच्या की माझ्या?"

बंडूने पडद्याची दोरी बोटाला गुंडाळली.

"अण्णांना सांगितलंयस?"

"सकाळी सांगितलं. विसरले."

"आणि दुपारी पुन्हा सांगायचं नाही असं ठरलं."

"ताई, त्यांच्या तोंडात कुणी शब्द घालणार नाही. जे बोलतील ते बोलतील. तू तिथेच बस, म्हणजे झालं?"

उन्हाच्या खोलीत अण्णांना आणून बसवलं होतं. या खोलीला तीन बाजूंनी काचा होत्या. अण्णांची आवडती जागा. समोर कॅमेरा, बाजूला दोन दिवे, कॅमेऱ्यामागे एक मुकाट माणूस. धाकटा स्टूल ओढून अण्णांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला. भावजय दाराला टेकून उभी राहिली. बंडू कॅमेऱ्याच्या मागे, चौकटीबाहेर. ताई कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत, हातात हात घट्ट धरून.

"अण्णा," धाकट्याने गोड आवाज काढला, "घटनासमितीची गोष्ट सांगा ना. ते दोन मुदतींचं कलम कसं आलं?"

अण्णांचे डोळे उजळले. पाठ ताठ झाली. ताईला एकदम ते तरुण अण्णा दिसले, संध्याकाळी दमून येऊनही दारातूनच बोलायला सुरुवात करणारे.

"भांडणातून आलं," ते म्हणाले. "सगळं भांडणातूनच येतं. पहिले अध्यक्ष म्हणजे माझा जिवलग. तुरुंगात एका घोंगडीत झोपलो आम्ही. या पोरांना त्याने खांद्यावर खेळवलंय, काका म्हणायची त्याला. सोन्यासारखा माणूस. सगळी समिती मला म्हणाली, मुदतीची अट घाला, पण त्याच्यापुरती सोडा. याच्यासारखा माणूस पुन्हा मिळणार नाही. मी म्हटलं, मिळणार नाही म्हणूनच घाला."

"म्हणजे?" धाकट्याच्या तोंडून निघून गेलं.

"अरे, वाईट माणसाला लोक आपणहून हाकलतात. त्याच्यासाठी कायदा कशाला? चांगल्या माणसाला 'आता ऊठ' म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. म्हणून ते कागदाने म्हणायचं. माणसांवर ते ओझं नको." अण्णा थांबले. त्यांची नजर काचेबाहेर गेली. "मी उभा राहून बोललो. एका मताने कलम पास झालं. त्या दिवसापर्यंत तो मला 'अरे' म्हणायचा. दुसऱ्या दिवशी भेटला तर म्हणाला, 'कसे आहात?' मरेपर्यंत मग 'अहो'च म्हणत राहिला."

कॅमेऱ्यामागच्या माणसानेही मान वर करून अण्णांकडे बघितलं. ताईला वाटलं, संपलं. आता हे दिवे विझतील, धाकटा चडफडत वायरी गुंडाळेल, आणि तिला मत द्यायची वेळ येण्याआधीच हे सगळं आपोआप मिटेल. तिला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली.

पण धाकटा सोडणारा नव्हता. "अण्णा, तेव्हाची गोष्ट वेगळी. आता परिस्थिती वेगळी आहे."

"परिस्थिती रोजच वेगळी असते."

"लोकांना तिसऱ्यांदा हवं असेल तर?"

"कोणाला हवंय तिसऱ्यांदा?" अण्णांनी कपाळाला आठ्या घातल्या. "कोण आहे तो?"

धाकट्याने ओठ चाटले. भावजयीने पदराचं टोक मुठीत धरलं. मग बंडू दिव्यांच्या उजेडात आला आणि खुर्चीपाशी वाकला.

"मला, अण्णा."

"तुला?"

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावरचा तो घटनासमितीतला माणूस हळूहळू मावळत गेला. त्यांनी हात बंडूच्या गालावर ठेवला.

"तू अजून तिथे आहेस? दमतोस का रे?"

"नाही दमत, अण्णा."

"जेवतोस वेळेवर? लोक काय म्हणतात तुला?"

"राहा म्हणतात."

"मग राहा की." अण्णांनी मान वळवून सगळ्यांकडे पाहिलं. डोळ्यांत एकाएकी राग भरला. "कोण याला ऊठ म्हणतंय? कुणी म्हटलं? माझा मुलगा आहे हा! त्याला कुणी उठवायचं नाही. तू बस रे बंडू. तुला हवं तितकं बस."

"बंद कर," धाकटा कॅमेऱ्यामागच्या माणसाला म्हणाला. आवाज आनंदाने फाटला होता. "झालं. झालं काम! शेवटचंच तेवढं घ्यायचं. आज संध्याकाळी देश रडणार आहे, दादा."

भावजय पुढे आली, अण्णांच्या खुर्चीच्या चाकांचे ब्रेक सोडले आणि त्यांना आत घेऊन गेली. कॅमेऱ्याचा माणूस फीत काढून बाहेर गेला. खोलीत तिघं भावंडं उरली.

"आता काय म्हणणं आहे तुझं?" धाकटा ताईकडे वळला. "ज्याने लिहिलं, त्यानेच राहा म्हटलं. आता नाही म्हणणारी तू कोण गं? अण्णांपेक्षा मोठी झालीस?"

ताई उठली. मन कधी नव्हे इतकं स्थिर झालं होतं.

"इथे आले तेव्हा माझं ठरलं नव्हतं," ती बंडूकडे बघत म्हणाली. "आता ठरलं. मी विरोधात मत देणार."

"डोकं फिरलंय हिचं!"

"तू थांब," बंडू धाकट्याला म्हणाला. "ताई, तू ऐकलंस ना ते काय म्हणाले?"

"दोन्ही ऐकलं. आधीचंही आणि नंतरचंही. बंडू, ज्या माणसाने स्वतःच्या जिवलग मित्राला ऊठ म्हटलं, त्याला पोटच्या पोराला म्हणता आलं नाही. अण्णांना! अण्णांना जमलं नाही, तिथे मी कोण? मला तू काय कमी प्रिय आहेस? आज तुला तिसऱ्यांदा दिलं, तर चौथ्यांदा मागशील तेव्हा मी 'नाही' कुठून आणू? आज माझ्याकडे तो शब्द आहे तो माझ्या हिमतीचा नाही रे. लिहून ठेवलाय म्हणून आहे. तो एकदा खोडला की मी पण नुसती तुझी बहीण उरते. आणि हा सगळा देश नुसती तुझी माणसं."

"आणि जनरल?" बंडू हळू आवाजात म्हणाला. "तह? ती पोरं?"

"त्याचं उत्तर माझ्याकडे नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. कदाचित तू म्हणतोस तसंच होईल, आणि मला ते जन्मभर छातीवर घेऊन जगावं लागेल. मला माहीत आहे ते."

धाकट्याने स्टूल लाथेने सरकवलं. "वाढवलंस म्हणून आजवर ऐकून घेतलं. आता बस. मंगळवारी तू विरोधात उभी राहिलीस तर माझ्या घराची पायरी चढू नकोस. मी मेलो तरी येऊ नकोस."

तेवढ्यात भावजय परत आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"ती फीत बाहेर जायची नाही," ती म्हणाली.

"वहिनी, तुम्हीच तर सकाळी हो म्हणालात! कोट तुम्हीच काढून दिलात."

"हो, मीच काढला. चुकलं माझं. आत नेल्यावर अण्णांनी मला विचारलं, बंडूला शाळेत कोण त्रास देतंय? मी जाऊन मास्तरांना सांगतो म्हणाले." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, त्यांना वाटलं, तुम्हाला वर्गात बाकावरून उठवतायत. त्यांच्या या बोलण्यावर तुम्ही राज्य करणार?"

काचेवर एक माशी आपटत होती, तिचा आवाज येत राहिला. धाकटा दादाच्या तोंडाकडे बघत होता, भावजय बघत होती, ताई बघत होती. आणि ताईच्या मनात आलं, हेच ते. सगळ्यांनी एका माणसाच्या तोंडाकडे असं बघत राहायचं, हेच नको म्हणून अण्णांनी मित्र गमावला होता.

"दाखवा," बंडू म्हणाला, आणि कुणाकडेही न बघता खोलीबाहेर गेला.

फीत त्याच संध्याकाळी दाखवली. अर्थात शेवटचा भाग तेवढा. म्हातारा बाप पोराच्या गालावर हात ठेवून 'बस रे' म्हणतोय, हे बघून देश खरंच रडला. सोमवारी ताईच्या फाटकावर गर्दी लोटली. जिचं तिसरं मूल ताईने पायाळू असताना सुखरूप काढलं होतं, ती बाई गजांना धरून ओरडत होती, "बापाच्या शब्दाबाहेर जाणार तुम्ही? बापाच्या?" ताई गच्चीत उभी राहून ऐकत राहिली. गोष्टीचा पहिला भाग सांगावा असं दहादा तिच्या ओठांवर आलं. पण त्या ओरडण्यात कोण ऐकणार होतं, आणि बापाला बापाविरुद्ध उभं करायचं तिच्या जिवावर आलं.

मंगळवारी सभागृहात नावं पुकारली जात होती. प्रत्येकाने उभं राहून 'बाजूने' किंवा 'विरोधात' म्हणायचं. वरच्या सज्जात भावजय एकटीच बसली होती. ती का आली होती कुणास ठाऊक. ताईचं नाव आलं तेव्हा कुजबुज एकदम थांबली. ती उभी राहिली. पहिल्यांदा शब्द निघालाच नाही, नुसती हवा निघाली, आणि सचिवांना पुन्हा विचारावं लागलं.

"विरोधात," ताई म्हणाली.

एका मताने विधेयक पडलं.

पण खरी परीक्षा पुढच्या आठवड्यात होती. धाकटा आणि चार मंत्री बंडूला सांगत होते, सरहद्दीचं कारण काढा, आणीबाणी लावा, निवडणूकच पुढे ढकला. लष्करी छावणीत सैनिकांच्या गाड्या भरून ठेवल्याची बातमी आली. लोक किराणा भरून ठेवायला लागले. ताईच्या दारावरचा पहारा न सांगता काढून घेण्यात आला, तेव्हा तिने आपल्या एकुलत्या मुलीला मैत्रिणीकडे राहायला पाठवलं आणि स्वतः दाराला आतून टेबल लावून बसली. सरन्यायाधीश आजारी आहेत असं कुणी म्हणे, कुणी म्हणे त्यांना अध्यक्षांच्या घरी बोलावून घेतलंय. भावजयीचा एकदाच फोन आला. "वन्सं, हे कुणाशी बोलत नाहीत. अण्णांच्या खोलीत जाऊन बसतात नुसते. काय करणार आहेत, मला सांगता येत नाही." आणि फोन ठेवला.

शनिवारी बंडू टीव्हीवर आला. कागद नव्हता हातात. निवडणूक ठरल्या तारखेला होईल आणि मी उमेदवार नसेन, एवढंच म्हणाला. धन्यवादसुद्धा म्हणाला नाही. ताईने टेबल सरकवून दार उघडलं आणि पायरीवर बसून हमसून हमसून रडली.

जनरल निवडून आला. बंडू म्हणाला होता तसंच. तह त्याने पहिल्या आठवड्यात फाडला नाही, एवढं खरं. पण सरहद्दीवरच्या चौक्या दुप्पट झाल्या, आणि ताई रोज सकाळी वर्तमानपत्र उघडायच्या आधी क्षणभर डोळे मिटून घ्यायला लागली. धाकट्याने शब्द पाळला. तिचा फोन त्याने पुन्हा उचलला नाही. बंडूही बोलत नव्हता.

घर रिकामं करायच्या दिवशी मात्र भावजयीचा निरोप आला. त्यांनी भाड्याने घेतलेली जागा तिसऱ्या मजल्यावर होती, खुर्ची चढवायची सोय नव्हती. वन्सं, अण्णांना न्यायला याल का?

ती गेली तेव्हा खोल्या उघड्याबोडक्या झाल्या होत्या. भिंतींवर चित्रांच्या जागी फिकट चौकोन. नव्या माणसांचं सामान फाटकाबाहेर येऊन उभं होतं. उन्हाच्या खोलीत अण्णा खुर्चीत बसून होते आणि बंडू त्यांच्या पायाशी जमिनीवर, बूट चढवत होता. ताई दारातच थांबली. त्याने तिला बघितलं नाही, की बघितल्यासारखं केलं नाही, कोण जाणे.

"कुठे चाललो आपण?" अण्णांनी विचारलं.

"तुम्ही ताईकडे. आम्ही दुसऱ्या घरी."

"आणि हे घर?"

"हे आपलं नव्हतं, अण्णा. आपली मुदत संपली."

"संपली?" अण्णांचा आवाज चढला. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "कोण म्हणतं संपली? कुणी ठरवलं हे?"

बंडू नाडी बांधायचा थांबला. त्याने मान वर करून दारातल्या बहिणीकडे पाहिलं, कितीतरी महिन्यांनी सरळ तिच्या डोळ्यांत. मग तो वडिलांकडे वळला.

"तुम्हीच, अण्णा," तो म्हणाला. "तुम्हीच ठरवलंत."

अण्णांनी थोडा वेळ विचार केला.

"असं होय? मग बरोबर असेल," ते म्हणाले, आणि दुसरा पाय पुढे केला.